वाटणीला बसण्याआधी एवढं ऐक

"आमची जमीन सरकारजमा तर नाही ना होणार, ताई?" असं विचारलंस, तर आधी त्याचंच उत्तर देते. नाही होणार. तुकडेबंदीचा कायदा काल-परवाचा नाही गं, १९४७ सालचा आहे. तुझ्या आजेसासऱ्यांच्या काळापासून तो आहेच. वाटणीची वेळ आली की भावकीला त्याची आठवण होते, एवढंच. सातबाऱ्यावर आज जे क्षेत्र आहे, ते तसंच राहतं. अडतं ते नवा तुकडा पाडताना.

आता आकडा नीट समजून घे. ऑगस्ट २०२३ पासून आपल्या पुणे जिल्ह्यात बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ही कमीत कमी मर्यादा आहे. त्याहून लहान तुकडा विकता येत नाही आणि वाटणीतही पाडता येत नाही. तुमच्या डाळजला गंमत अशी, की उजनी धरणाच्या फुगवट्यावर मोटर टाकून वर्षानुवर्षं ऊस घेतात, पण कागदावर जमीन अजून जिरायत असू शकते. म्हणून आधी ताजा सातबारा काढ आणि तेवढं बघ. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा. हसू नकोस, पण लग्नानंतर पहिल्यांदा सातबारा हातात आला, तेव्हा त्यावरचे ०.४० म्हणजे चाळीस पैसे सारा असं मी समजले होते! एकरभर रान होतं ते.

आणखी एक बघ. उजनीत गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला एखादा गट असेल, तर त्यावर भोगवटादार वर्ग-२ आहे का? असेल तर विकायचं मनात आणण्याआधी परवानगीचं बघावं लागतं.

खरं सांगू का, तुला झोप येत नाहीये ती कायद्यामुळे नाही, विहिरीजवळच्या त्या ३२ गुंठ्यांमुळे. चार वारस, म्हणजे आठ-आठ गुंठे. बागायत धरली तरी बसत नाही. पण म्हणून काही आभाळ कोसळत नाही. तो गट सामाईक ठेवता येतो, चौघांची नावं आणि हिस्से लावून. नाहीतर एकानं तो पुरा घ्यावा आणि बाकीच्यांनी माळावरच्या गटात जास्त घ्यावं. तेही जमत नसेल, तर ज्याला जमीन देता येत नाही, त्याला त्याच्या हिश्श्याची रक्कम द्यायची, असं कायद्यातच आहे. आणि कुणी जमीन घ्यायची, कुणी पैसे, यावर एकमत झालं नाही तर? चिठ्ठ्या टाकायच्या! हेही कायद्यातच लिहिलंय बघ. ज्यानं हे कलम लिहिलं, त्यानं आपल्यासारखी भावकी जवळून पाहिली असणार.

आता जरा रागावून बोलते. चार वारसांत तुझ्या दोन नणंदा आहेत ना? मग "त्या सोडतीलच की" असं गृहीत धरून बोलू नकोस. हक्कसोडपत्र त्यांना खरंच द्यायचं असेल तर देतील. चोळी-बांगडीवर सही उरकून घेण्याचे दिवस गेले. त्यांना पहिल्याच बैठकीला बोलाव. नंतर कोर्टात भेटण्यापेक्षा आत्ता जेवायला घालणं स्वस्त पडतं.

आणि रस्ता! सगळे गुंठे मोजतात, रस्ता विसरतात. आतल्या वाटेकऱ्याचा ट्रॅक्टर कुठून जाणार, उसाची गाडी कुठून निघणार, पाइपलाइन कुणाच्या रानातून येणार, विहिरीवर पाणीपाळी कशी, हे सगळं वाटणीपत्रात लिहून घे. तोंडी वहिवाट थोरली माणसं आहेत तोवर चालते गं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णयही मे २०२५ मध्ये झालाय, तेव्हा "नोंदणीला खर्च येतो" हे कुणाचं ऐकू नकोस.

हायवेलगतच्या त्या एजंटाचं मात्र अजिबात ऐकू नकोस. "एक-एक गुंठा पाडून विकू, नोटरी करून देतो, आता सगळं नियमित होतंय," असं तो म्हणतो ना? अर्धंच सांगतो. २०२५च्या अध्यादेशानं जुने तुकडे विनामूल्य नियमित करायची सोय झाली हे खरं, पण ती १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या व्यवहारांना, आणि शहरी हद्दीत, गावठाणालगत किंवा प्रादेशिक योजनेत बिगरशेतीसाठी दाखवलेल्या जागेला. उद्या उभ्या उसात पाडलेल्या गुंठ्याला ती लागू नाही. घेणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर लागणार नाही, आणि तो तुमच्याच दारात येऊन बसेल. तुमचा गट कोणत्या विभागात आहे, हे नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढून बघ. गावठाणापासून २०० मीटरच्या आत असेल आणि योजनेत बांधकामाला जागा दाखवलेली असेल, तर बिगरशेतीचं काम पुष्कळ सोपं झालंय.

धाकट्या दिराला वेगळी विहीर पाडायचीय म्हणालीस. त्याला वाट आहे. मार्च २०२४ पासून विहिरीसाठी पाच गुंठ्यांपर्यंत, शेतरस्त्यासाठी आणि घरकुलासाठीही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं लहान तुकडा घेता येतो. मात्र विहिरीसाठी घेतला, तर सातबाऱ्यावर तशी नोंद होते. तिथे उद्या ढाबा टाकता येणार नाही, हे त्याला आधीच सांग.

तू घर, गोठा, दोन पोरांच्या शाळा सांभाळतेस, तुला हे अवघड नाही. सगळे उतारे एका पिशवीत घाल आणि इंदापूरला भूमी अभिलेखमध्ये मोजणीचा अर्ज दे. फक्त तारीख ऊस तुटून गेल्यावरची पडेल असं बघ. उभ्या उसात मोजणीवाल्याला बांध दिसत नाही, आणि तुमच्या भावकीला तर मुळीच दिसत नाही.