व्यत्यय आणि प्रक्रियकाची स्मरणव्यवस्था

धुलाईयंत्र, मोटारीचे इंजिन, दूध संकलन केंद्रावरील वजनकाटा अशा यंत्रांच्या पोटात बसवलेला लहानसा संगणक एका वेळी एकच काम करीत असतो. तरीही त्याला अनेक गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. कोणी कळ दाबली, ठरलेला काळ संपला किंवा तारेवरून एखादे अक्षर आले, तर त्याची दखल तत्काळ घ्यावी लागते. अशा घटनेची सूचना प्रक्रियकाला मिळते, तिला व्यत्यय म्हणतात. व्यत्यय आला की प्रक्रियक हातातील आज्ञा पुरी करतो, मुख्य आज्ञावली तेथेच सोडतो, त्या घटनेसाठी लिहून ठेवलेली छोटी आज्ञावली पार पाडतो आणि मग सोडलेल्या जागी परत येतो.

हे परत येणे वाटते तितके सोपे नाही. मध्यंतरी काही घडले याची मुख्य आज्ञावलीला गंधवार्ताही असता कामा नये. एखादी उपआज्ञावली आपण होऊन बोलावली असेल, तर आपली कोणती मूल्ये बदलणार आहेत हे ती बोलावणाऱ्याला ठाऊक असते. व्यत्यय मात्र कोणत्याही दोन आज्ञांच्या मधे येऊ शकतो. तेव्हा सावधगिरीचा सगळा भार व्यत्ययाच्या आज्ञावलीवर पडतो. तिने ज्याला हात लावला असेल, ते सर्व जसेच्या तसे परत ठेवले पाहिजे.

‘सर्व’ या शब्दात काय काय येते, हे इंटेल कंपनीच्या ८०८५ या प्रक्रियकावरून चांगले समजते. १९७६ मध्ये आलेला हा प्रक्रियक भारतातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासला आहे. त्यात बेरीज-वजाबाकीचे उत्तर धरणारा संचायक आहे, त्याच्या जोडीला ८ अंकस्थानांची ६ रजिस्टरे आहेत आणि नुकत्याच झालेल्या गणिताचा निकाल सांगणारे ५ ध्वज आहेत. व्यत्यय आल्यावर ८०८५ स्वतः एवढेच करतो : पुढील आज्ञेचा पत्ता स्मृतीतील चळतीवर ठेवतो आणि सर्वसाधारण व्यत्ययांना दार बंद करतो. बाकीची मूल्ये ‘पुश’ आज्ञेने चळतीवर ठेवणे आणि ‘पॉप’ आज्ञेने उलट क्रमाने उचलणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे काम. ताटांच्या चळतीप्रमाणेच येथे शेवटी ठेवलेले आधी हाती येते. क्रम चुकला तर एका रजिस्टरातील मूल्य दुसऱ्यात जाते; पण ही चूक पहिल्याच चाचणीत उघडी पडते, म्हणून ती फारशी भयंकर नव्हे.

भयंकर चूक ध्वजांची. ८०८५ एका वेळी २५५ पर्यंतच्याच संख्यांची बेरीज करतो. त्याहून मोठ्या संख्या दोन भागांत मांडाव्या लागतात. आधी खालच्या भागांची बेरीज होते, शाळेत शिकवतात तसा हातचा धरला जातो आणि तो वरच्या भागांच्या बेरजेत मिळवला जातो. हा हातचा एका ध्वजात राहतो.

समजा, एक वजनकाटा प्रत्येक दूध उत्पादकाच्या दुधाचे वजन १० ग्रॅमच्या एककात मोजून दिवसाच्या एकूण बेरजेत मिळवतो. वेळ मोजण्यासाठी सेकंदाला ५० व्यत्यय येतात. त्यांची आज्ञावली एक मोजणी वाढवते आणि ती ५० झाली का, हे तपासते. तुलना म्हणजे वजाबाकीच. मोजणी ५० पेक्षा कमी असेल तर हातच्याचा तोच ध्वज उसना घेतल्याची खूण म्हणून १ होतो, म्हणजे ५० पैकी ४९ वेळा. आता आज्ञावली लिहिणाऱ्याने संचायकाचे मूल्य स्मृतीत एका ठरावीक जागी ठेवले आणि शेवटी तेथून परत आणले. संचायक सुरक्षित राहिला, ध्वज मात्र तसाच बदललेला राहिला. वास्तविक संचायक आणि ध्वज यांची जोडी एकाच ‘पुश’ आज्ञेने चळतीवर जाते. त्या ठेवण्या-उचलण्यास घड्याळाचे २२ ठोके लागतात. या दुसऱ्या मार्गाने २६. म्हणजे वेळही वाचला नाही.

हा व्यत्यय नेमका दोन बेरजांच्या मधे आला, तर नसलेला हातचा मिळवला जातो आणि एकूण बेरीज २५६ एककांनी, म्हणजे २ किलो ५६० ग्रॅमनी फुगते. दोन बेरजांमधील धोक्याचा काळ १२ ठोक्यांचा आहे. सेकंदाला ३० लाख ठोके धरले तर तो ४ मायक्रोसेकंद होतो. दोन व्यत्ययांतील अंतर २०,००० मायक्रोसेकंद असल्याने ५,००० बेरजांत एकदा गाठ पडते. त्यातही सुमारे निम्म्या वेळी हातचा खरोखरच असतो आणि चूक झाकली जाते. दिवसाला २०० वजने होत असतील, तर साधारण ५० दिवसांत एकदा हिशेब चुकेल. प्रत्येकाचे वजन बरोबर, बेरीज तेवढी जास्त! काटा तपासला तर तो निर्दोष ठरतो आणि संशय वही लिहिणाऱ्या माणसावर जातो.

परतीच्या वाटेवरही एक बारीक गोष्ट आहे. बंद केलेले दार पुन्हा उघडण्याची आज्ञा ८०८५ मध्ये लगेच अमलात येत नाही; तिच्या पुढची एक आज्ञा पूर्ण झाल्यावर येते. ती पुढची आज्ञा परतण्याचीच असते. ही सवलत नसती तर ताटकळणारा दुसरा व्यत्यय परतण्यापूर्वीच आत शिरला असता आणि व्यत्यय वेगाने येत राहिल्यास चळत वाढतच गेली असती.

ध्वजांचा प्रश्न याच्याही आधीचा आहे. १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानातील मार्गदर्शन संगणक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत घडवला गेला. त्याचा संचायक १६ अंकस्थानांचा होता, पण स्मृतीच्या एका घरात संख्येसाठी १५ च अंकस्थाने होती. बेरीज मर्यादेबाहेर गेल्याची खूण त्या जादा स्थानामुळे कळे. संचायक स्मृतीत ठेवला असता तर नेमकी तीच खूण गळून पडली असती. तेव्हा अभिकल्पकांनी सरळ मार्ग पत्करला : संचायकात अशी खूण असेतोवर व्यत्ययाला आत घ्यायचेच नाही. जे जपून ठेवता येत नाही, ते हातात असताना काम सोडायचे नाही, हा विचार आजही वाखाणण्यासारखा आहे.

जपणुकीला वेळ मात्र लागतो. ८०८५ मध्ये सगळी रजिस्टरे ठेवण्या-उचलण्यात ८८ ठोके, म्हणजे सुमारे २९ मायक्रोसेकंद जातात. १९७६ मध्येच आलेल्या झायलॉग कंपनीच्या झेड-८० प्रक्रियकात मुख्य रजिस्टरांचा दुसरा संच दिला होता. दोन छोट्या आज्ञांनी संच बदलला की काम झाले. परंतु दुसरा संच एकच असल्याने एका व्यत्ययात दुसरा व्यत्यय आला की पुन्हा चळतीचाच आश्रय घ्यावा लागे. २००४ मध्ये जाहीर झालेल्या आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-एम३ या प्रक्रियकात ध्वजांसह ८ मूल्ये यंत्र स्वतःच चळतीवर ठेवते; स्मृती पुरेशी जलद असेल तर व्यत्ययाची आज्ञावली १२ ठोक्यांत सुरू होते. उरलेली रजिस्टरे वापरायची झाल्यास ती जपण्याचा नियम भाषांतरक आज्ञावली एरवीही पाळतेच. शिवाय एक व्यत्यय संपताना दुसरा दाराशी उभा असेल, तर चळतीवरील मूल्ये उचलून पुन्हा ठेवण्याचा खटाटोप हा प्रक्रियक करीत नाही. ती तशीच राहू देऊन ६ ठोक्यांत तो पुढच्या कामाला लागतो.