पाठीचा आखडा आणि रक्ताचा अहवाल



ऊसतोड सुरू झाली की पाठदुखीची तक्रार घरोघर ऐकू येते. मोळी उचलली, पाठ भरली. दोन दिवस पडून राहिलं की बरं वाटतं. ही कष्टाची पाठदुखी. पण एक दुखणे याच्या उलट वागते. पंचविशीतला गडी पहाटे उठतो तो कंबर लाकडासारखी ताठ. अर्धा-पाऊण तास हिंडल्या-फिरल्यावर ती सैल पडते. विश्रांतीने दुखणे वाढते, हालचालीने कमी होते. उत्तररात्री कळा येऊन झोप मोडते. तीन महिन्यांवर असे चालले तर तो मणक्यांचा दाहक संधिवात असू शकतो. डॉक्टर त्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात. दुर्लक्ष झाले तर काही रुग्णांचे मणके एकमेकांस जुळतात आणि पाठ कायमची ताठते.

सांधेदुखी ही खेड्यातलीही मोठी अडचण आहे. इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली, ती याचसाठी.

दाह किती, हे रक्त कसे सांगते?

पहिली तपासणी ई.एस.आर. कारखान्यात रसाला चुना देऊन तापविले की गाळाचे कण एकमेकांस चिकटतात. कण मोठा झाला की लवकर तळाशी बसतो. रक्ताचेही तसेच आहे. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढते, तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या जुळतात आणि उभ्या नळीत भराभर खाली बसतात. एका तासात किती मिलिमीटर बसल्या, तो हा आकडा. पन्नाशीच्या आतील पुरुषात तो साधारण १५ पर्यंत, स्त्रीमध्ये २० पर्यंत असतो.

दुसरी सी.आर.पी. हे प्रथिन यकृत तयार करते. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांत त्याचा शोध लागला. दाह भडकला की ते काही तासांतच वाढू लागते आणि शमला की लवकर उतरते. ई.एस.आर. मात्र सावकाश उतरतो. म्हणून औषध लागू पडले का, हे सी.आर.पी. लवकर सांगते.

इथे फसू नका

एक : आकडा बरोबर आला, म्हणजे रोग नाही, असे नव्हे. या रोगात पुष्कळ रुग्णांचे दोन्ही आकडे चांगले असतात, तरी आत दाह चालूच असतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, पोरगं कामचुकार आहे’ असे म्हणून घरच्यांनी त्याला बोल लावू नये.

दोन : आकडा वाढला म्हणजे हाच रोग, असेही नव्हे. क्षय, जंतुसंसर्ग यांतही तो वाढतो. रक्त कमी असले किंवा बाई गरोदर असली, तरी ई.एस.आर. चढतो.

तीन : एच.एल.ए.-बी२७ ही तपासणी रोगाचा जोर मोजत नाही. या रोगाशी तिचा संबंध १९७३ साली उघड झाला. ती उसाच्या जातीसारखी आहे. जात लागणीपासून तोडीपर्यंत बदलत नाही. साखर किती भरली, ते वेगळे तपासावे लागते. म्हणून ही तपासणी एकदाच पुरे. शिवाय ती पॉझिटिव्ह असणाऱ्या बहुतेकांना हा रोग होतच नाही.

मग डॉक्टर काय पाहतात? पाठदुखी, सकाळचा आखडा किती वेळ टिकतो, इतर सांध्यांची सूज, रुग्णाला स्वतःला कसे वाटते आणि सी.आर.पी., यांची सांगड घालून २००९ पासून ‘अ‍ॅसडास’ हा एक आकडा काढतात. १.३ च्या खाली रोग शांत, ३.५ च्या वर फार जोरात. रोग ओळखायला एक्स-रे उपयोगी, पण त्यात बदल दिसायला कित्येक वर्षे लागू शकतात, एम.आर.आय.मध्ये दाह आधी दिसू शकतो.

एवढे करा

सकाळी आखडा किती मिनिटे राहतो, ते वहीत लिहा. जुने अहवाल फेकू नका; शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करा, म्हणजे आकडे जुळवून पाहता येतात. सर्दी-ताप असताना रक्त दिले तर तसे सांगा. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने मनानेच घेऊ नका. जठर व मूत्रपिंड बिघडते. विडी-सिगारेट सोडा, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम रोज करा. सातारा, कराड, सांगली, मिरज येथे या रक्ततपासण्या होतात. अहवाल मात्र संधिवाताच्या जाणकार डॉक्टरांकडून समजून घ्या.

ऊस वेळेवर तुटला तर उतारा चांगला पडतो. हा रोगही वेळेवर ओळखला तर पाठ वाकण्यापासून वाचविता येते.