अग्नीतून परतीची वाट

रात्री आकाशात एखादी तेजस्वी रेघ क्षणभर चमकून नाहीशी होते. 'तारा तुटला' असे आपण म्हणतो. वस्तुतः तो तारा नसतो; अतिवेगाने वातावरणात शिरून जळून जाणारा तो एक लहानसा खडा असतो. मग अंतराळातून परतणारे यान कसे बरे वाचते?

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर असतो. त्या वेगाने खाली येताना यानापुढील हवा एकाएकी दाबली जाऊन भयंकर तापते. अमेरिकेच्या 'कोलंबिया' यानाच्या पंखांच्या कडांना सुमारे १६५० अंश सेल्सिअस तापमान सोसावे लागे. अशा उष्णतेत पोलादाचेही पाणी होते!

म्हणून त्या कडांसाठी कार्बनच्या तंतूंना कार्बननेच जखडून केलेला संमिश्र पदार्थ वापरीत. त्याची कृती मोठी चिकाटीची होती. कार्बनी कापडाचे राळेत भिजवलेले थर साच्यात बसवून ते हवेवाचून तापवीत. राळेचा कोळसा होई. पण आत सूक्ष्म छिद्रे राहत. ती बुजविण्यासाठी पुन्हा द्रव मुरवावा, पुन्हा भट्टी लावावी, असे तीनदा करावे लागे. शेवटी कार्बन जळू नये म्हणून सिलिकॉन कार्बाइडचे कवच चढवीत. प्रत्येक पंखावर असे २२ फलक होते. एवढा काळ आणि एवढे श्रम लागल्यावर वस्तू महाग होणारच.

हा खर्च कमी कसा करावा? 'स्टारडस्ट' यानाच्या कुपीसाठी शास्त्रज्ञांनी निराळी वाट धरली. भट्ट्यांना अस्तर म्हणून बाजारात मिळणारा कार्बनतंतूंचा हलका, सच्छिद्र पदार्थ त्यांनी घेतला व त्यात राळ मुरवली. हे कवच स्वतः झिजते आणि झिजताना उष्णता दूर नेते. १५ जानेवारी २००६ रोजी सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरूनही ती कुपी धूमकेतूची धूळ घेऊन सुखरूप उतरली.

परंतु विद्यार्थिमित्रांनो, कोलंबियाची कथा विसरू नका. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणसमयी इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला. प्रखर उष्णता सोसणारा फलक त्या आघाताने फुटला. १ फेब्रुवारीस परतताना तप्त वायू पंखात शिरले, यान भंगले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्यू पावले.

अनावश्यक श्रम वगळावेत. ती काटकसर होय. आवश्यक परीक्षा मात्र कधीही वगळू नये. कारण त्या कवचाआड माणसे बसलेली असतात.

स्वाध्याय : काटकसर आणि निष्काळजीपणा यांतील भेद पाठाच्या आधारे स्पष्ट करा.