‘बाई’ गाळू नका

प्रश्न : आमची आजी मुळशी खोऱ्यातली. तिच्या जात्यावरच्या ओव्या मी वहीत उतरवल्या. ‘बाई’, ‘गं’ असे भरतीचे शब्द गाळले आणि शाळेत शिकलो तशा मात्रा मोजल्या. यमक पक्कं, पण दोन ओळींचा मेळ काही बसत नाही. ओवीला वृत्त नसतंच का?
– एक वाचक, पौड

उत्तर : मोजायला बसण्याआधी तुम्ही मापच फेकून दिलंत! एक ओवी घेऊ. आजीची नव्हे, आत्ता मीच जुळवलेली, तेव्हा दोष माझ्या माथी :

धरणाच्या काठी बाई, भात झालं पिवळं
माझ्या लेकीचं सासर, दिसायाच जवळं

‘बाई’ काढा. पहिली ओळ १३ अक्षरांवर येते, दुसरी १५ वरच राहते. ‘बाई’ परत ठेवा. दोन्ही १५, आणि दोन्हींत आठव्या अक्षरावर विसावा.

मात्रांचं म्हणाल, तर त्या इथे लावायच्याच नाहीत. माधव ज्यूलियनांनी ‘छंदोरचने’त पद्याची तीन घरं केली. वृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला, जातीत मात्रांची बेरीज ठरलेली, छंदात नुसती अक्षरं मोजायची. ऱ्हस्व असो की दीर्घ, उच्चार लांबवायचा. ओवी तिसऱ्या घरातली, आणि त्या घरातही जरा मोकळी वागणारी. ज्ञानेश्वरीतली साडेतीन चरणांची ओवीसुद्धा अक्षरसंख्येत कमीजास्त होते. मुळशीच्या बायका तर बहुतेक दोन ओळींतच काम उरकतात.

अक्षर कमी पडलं म्हणून खुंट्यावरचा हात थांबत नाही. दाणे वैरता वैरता स्वर लांबतो, नाहीतर ‘गं’ येतो, ‘सांगते’ येतं. अक्षरं जास्त झाली, तर दोन एका दमात गिळली जातात. कागदावरची खोट फेऱ्यात भरून निघते.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी मुळशीच्या गावांपासून सुरुवात करून १ लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. पण ओवीचा ‘गळा’, म्हणजे चाल, वहीत कशी यावी? पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने ध्वनिमुद्रण झालं. ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातलं बरंच ऐकायला मिळतं.

आजीला नुसतं ‘म्हणून दाखव’ म्हणू नका. जात्याशी बसवा, मूठभर नाचणी द्या. फोन मात्र जात्यापासून हातभर लांब ठेवा, दगडाची घरघर शब्दांवर चढते.