संगणकातला पंप आवाज करतो तेव्हा

समजा तुमची ताई घरच्या संगणकावर चित्रफिती जुळवण्याचे काम करते. काही दिवसांपासून संगणक सुरू केला की आतून ‘बुडबुड, खळखळ’ असा आवाज येतो, आणि मग घरघर चालू राहते. एके दिवशी हा आवाज अचानक थांबतो. घरात सगळ्यांना हायसे वाटते. पण थोड्याच वेळात संगणक मंदावतो आणि आपोआप बंद पडतो. ताईचे न साठवलेले काम वाया जाते.

आवाज थांबला होता, कारण पंपच थांबला होता! आवाज बंद होणे आणि दोष दूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कसा ओळखायचा, ते आता पाहू.

पाणी कशासाठी?

संगणकाचा प्रोसेसर वीज वापरतो आणि त्या विजेची जवळजवळ सगळी उष्णता होते. जड काम करताना एखादा प्रोसेसर १४० वॉट वीज घेत असेल, तर दर सेकंदाला १४० जूल उष्णता बाहेर काढली पाहिजे. यासाठी प्रोसेसरवर तांब्याची पट्टी बसवतात. पट्टीला लागून द्रव फिरतो, नळीतून रेडिएटरमध्ये जातो, तेथे पंख्याच्या वाऱ्याने थंड होतो आणि परत येतो. द्रव फिरवण्याचे काम एक छोटा पंप करतो. बहुतेक तयार संचांत तो प्रोसेसरवरच्या पट्टीवरच बसवलेला असतो.

हा द्रव म्हणजे गंज रोखणारी द्रव्ये मिसळलेले पाणी. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण शुद्ध पाणी धरू. मिनिटाला १ लिटर पाणी फिरत असेल, तर सेकंदाला सुमारे १७ ग्रॅम पाणी पट्टीवरून जाते. १ ग्रॅम पाण्याचे तपमान १ अंशाने वाढवायला ४.२ जूल उष्णता लागते. म्हणून १४० जूल उष्णता घेऊनही पाण्याचे तपमान केवळ २ अंशांनी वाढते. तपमानात तेवढीच वाढ होऊ देऊन हेच काम हवेकडून करून घ्यायचे, तर सेकंदाला सुमारे ५८ लिटर हवा लागेल!

ही युक्ती काही नवी नाही. आयबीएमने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या मोठ्या संगणकात उष्णता पाण्यानेच वाहून नेली जात असे. १९८५ सालच्या क्रे-२ मध्ये तर विद्युत मंडले वीज न वाहणाऱ्या द्रवातच बुडवलेली होती.

हवा कोठे जाते?

संगणकातला हा पंप केंद्रोत्सारी असतो, विहिरीवरच्या पंपाचा जणू धाकटा भाऊच. त्यातले पात्यांचे चाक, म्हणजे इंपेलर, वेगाने फिरते आणि पाणी बाहेरच्या बाजूला फेकते. विहिरीवरच्या पंपात हवा शिरली, तर मोटर फिरते, पण पाणी चढत नाही. ‘पंपाने हवा धरली’ असे म्हणतात ते हेच. पंपाने निर्माण होणारा दाब आतल्या पदार्थाच्या घनतेवर अवलंबून असतो, आणि हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी आहे. त्यामुळे हवेला फेकून पुरेसा दाब मिळत नाही.

पण बंद संचात हवा येते कोठून? थोडी हवा भरतानाच राहून गेलेली असते. पाणी तापले की त्यात विरघळलेल्या हवेचा काही भाग बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. शिवाय वर्षानुवर्षे नळ्यांच्या भिंतींतून पाण्याची वाफ अगदी सावकाश निघून जाते आणि तेवढी जागा रिकामी होते.

हवा हलकी असल्याने ती संचातल्या सर्वांत उंच जागी जमते. रेडिएटर पेटीच्या छताला असेल, तर ती त्याच्या वरच्या भागात निमूट बसते. रेडिएटर तळाशी असेल, तर पंप सर्वांत उंच ठरतो आणि सगळी हवा त्याच्याच वाट्याला येते. मग बुडबुड ऐकू येते, पाणी कमी फिरते आणि ज्या द्रवाने पंपातील फिरत्या भागांना वंगण मिळायचे तो न मिळाल्याने ते झिजू लागतात.

आवाज ओळखा

१. बुडबुड, खळखळ : आत हवा फिरत आहे. नव्या संचात थोडा वेळ हा आवाज येणे स्वाभाविक आहे. तो टिकून राहिला, तर रेडिएटरची जागा तपासावी.

२. एकसुरी गुणगुण : पंप मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० फेरे होतात. इंपेलरला ६ पाती असतील, तर सेकंदाला २४० धक्के बसतात, म्हणून २४० हर्ट्झ वारंवारतेचा सूर उमटू शकतो. पेटीच्या पत्र्याची स्वाभाविक वारंवारता याच्या जवळपास असली, की पत्राही थरथरतो आणि आवाज वाढतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. बाहेरून पत्र्यावर हात दाबताच आवाज उतरला, तर दोष पत्र्याचा आहे. स्क्रू घट्ट करावेत, पेटीखाली रबर ठेवावे.

३. चढउतार होणारा सूर : पंपाचा वेग वारंवार बदलत आहे. पंपाची तार पंख्यासाठीच्या जागी जोडली असली, तर तपमानानुसार त्याचा वीजपुरवठा बदलत राहतो. संगणकाच्या बायोसमध्ये जाऊन निर्मात्याने सांगितलेला वेग कायम ठेवावा.

४. खरखर, टकटक : फिरणारा भाग झिजला आहे किंवा आत कण अडकला आहे. असा संच बदलणेच योग्य.

५. एकाएकी शांतता : ताबडतोब तपमान पाहा.

तपमान बायोसमध्ये दिसते. ते भराभर वाढून १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, तर आजचे प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही भागले नाही तर संगणक बंद होतो. दुसरी खूण आपल्या हिशेबातच आहे. पाणी नीट फिरत असेल, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात दोनएक अंशांचाच फरक असतो, म्हणजे दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच कोमट लागतात. प्रोसेसर तापलेला आणि रेडिएटर थंडगार असेल, तर पाणी फिरत नाही. नळ्यांना हात लावायचा तो मोठ्यांच्या देखरेखीखाली, संगणक बंद करून व वीज काढून.

पंपाचा वेग फार कमी करून आवाज दाबू नका. तसेच बंद संच उघडून त्यात नळाचे पाणी भरू नका. गळती झाली तर संगणक निकामी होईल आणि आतला द्रव पोटात गेल्यास घातक ठरू शकतो. हवा पंपातून हटवायची असेल, तर वीज काढून, रेडिएटर पंपापेक्षा उंच येईल अशी पेटी हळूच कलती करावी. हवा वर सरकल्यावरच पुन्हा सुरू करावी. पुढे ती परत पंपात येऊ नये, यासाठी रेडिएटरची जागाच बदलून घ्यावी.

करून पाहा

पारदर्शक बाटली पाण्याने भरा, दोनतीन चमचे हवा राहू द्या आणि बूच घट्ट लावा. बूच म्हणजे पंप आणि बाटलीचा तळ म्हणजे रेडिएटर असे समजा. बाटली उभी, आडवी, तिरकी आणि उलटी धरा. प्रत्येक वेळी हवा कोठे जाते, त्याचे चित्र वहीत काढा. कोणत्या स्थितीत ‘पंप’ कोरडा पडतो?

विचार करा

मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या, ६ पात्यांच्या पंपाचा सूर किती हर्ट्झचा असेल? आणि पंपाचा आवाज थांबल्याचे ऐकून कोणी आनंदाने टाळी वाजवली, तर तुम्ही प्रथम काय पाहाल?