पाऊस आपलाही जोरदार, मग दलदल त्यांच्याकडेच का?

प्रश्न : माझा मुलगा मँचेस्टरला शिकतो. परवा मित्रांबरोबर तो किंडर स्काउट नावाच्या पठारावर दिवसभर चालून आला. पाऊस नव्हता, तरी गुडघ्यापर्यंत रुतला म्हणे. आम्ही ऐन श्रावणात चिखलदऱ्याला जातो. तिथं लोक घसरतात, आपटतात, पण असं कुणी रुतलेलं पाहिलं नाही. असं का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : याचं कारण पावसात नाही, आपल्या उन्हाळ्यात आहे. नागपूरला वर्षाकाठी साधारण 1,100 मिलिमीटर पाऊस पडतो. मँचेस्टर शहरात त्याहून कमीच. पण आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो, त्यांचा बाराही महिने रिपरिपत राहतो. किंडर स्काउटची उंची 636 मीटर. वर ढग, गार वारा, ऊन जेमतेम. पडलेलं पाणी उडून जाणार कसं?

अशा सततच्या ओल्यात स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवतं आणि भोवतालचं पाणी आंबट करतं. खालचा थर मरतो, पण हवा नाही, वर थंडी आणि आम्ल, त्यामुळे तो नीट कुजत नाही. लोणच्यासारखा टिकून राहतो. या न कुजलेल्या थराला पीट म्हणतात. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर चढतो, म्हणजे मीटरभर पीट साचायला हजारेक वर्षं. डेन्मार्कमध्ये 1950 साली अशाच पीटमध्ये एका माणसाचा देह सापडला. तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा होता, तरी चेहऱ्यावरचे दाढीचे खुंट दिसत होते! तुमचा मुलगा रुतला तो या थरात.

आता चिखलदरा. उंची सुमारे 1,100 मीटर, किंडर स्काउटपेक्षा बरीच जास्त. पण खाली बेसॉल्टचा काळा पाषाण आणि कडेला खोल दऱ्या, त्यामुळे बरंचसं पाणी धबधब्यांनी खाली पळतं. जे मुरतं त्याचा हिशेब पुढचा उन्हाळा करतो. हवा नागपूरपेक्षा गार असली तरी नवतपा तिथंही चुकत नाही. माती वाळते, भेगाळते, हवा आत शिरते आणि पालापाचोळा बघता बघता कुजून संपतो. पीट साचायला उसंतच मिळत नाही. आपल्या काळ्या मातीचा चिखल चपलेला चिकटून पाय जड करतो, हे खरं. पण ती चिकणमाती आहे, पीट नव्हे.

महाराष्ट्रात त्या दलदलीच्या जवळपास जाणारं काही पाहायचं, तर साताऱ्याजवळचं कास पठार. तिथं जांभ्या दगडाचं टणक कवच आहे. त्यावर मातीचा पातळ थर, पाणी मुरायला जागा नाही. पावसाळ्यात पठार अक्षरशः तुंबतं. मातीत नायट्रोजन कमी, म्हणून इथल्या काही वनस्पती किडे खातात : दवबिंदू चिकट केसांवर किडे धरतो आणि निळसर-जांभळी सीतेची आसवं जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत. दवबिंदूचे भाऊबंद ब्रिटनच्या दलदलीतही आहेत. कासची ही दलदल मात्र हंगामी. पाऊस गेला की पठार कोरडं ठणठणीत. भारतात खरं पीट हवं असेल, तर निलगिरीच्या उंच गवताळ दऱ्यांत जावं लागेल. तिथलं पीट वीस हजार वर्षांहून जुनं असून, जुन्या काळच्या पावसाचा अंदाज शास्त्रज्ञ त्यावरूनच बांधतात.

मुलाला एवढंच कळवा : पोपटी, मखमली शेवाळाचा तुकडा दिसला की वळसा घाल, सपाट, सुंदर आणि फसवी जागा तीच. पाय ठेवायचा तो गवताच्या उंच झुबक्यांवर. आणि तुम्ही सप्टेंबरात कासला जाणार असाल, तर आधी नोंदणी करा आणि पायवाट सोडू नका. तिथं पाय रुतणार नाही, पण फुलं मात्र तुडवली जातील.