लांबलेले दुखणे आणि कायद्याचा आधार



घरात दीर्घ आजाराचा माणूस असला की उसाचे बिल दवाखान्यातच जाते. त्यात ‘कायतरी मिळंल’ म्हणून कचेऱ्यांचे हेलपाटे. ते वाचावेत म्हणून आम्ही तीन गोष्टी सांगतो.

पहिली : आजार आणि अपंगत्व कायद्याने एक नव्हेत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार दिले आहेत. कंपवात (पार्किन्सन), हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे आजार त्यात येतात. दाखल्यासाठी आधी ऑनलाइन अर्ज, मग तपासणी. ती कोल्हापुरात सी.पी.आर.ला होते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागते.

मूत्रपिंड निकामी होणे मात्र या यादीत नाही. डायलिसिसवरच्या माणसाने त्या दाखल्यामागे दिवस घालवू नयेत. त्याला महात्मा फुले जन आरोग्य योजना उपयोगी. डायलिसिस तिच्यात बसते. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे.

गरीब घरांसाठी १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. अपंगांबरोबर क्षय, कर्करोग, कुष्ठरोग अशा आजारांनी कमाई थांबलेल्यांनाही तिच्यातून दरमहा मदत मिळते. अर्ज तहसील कचेरीत करायचा. उत्पन्नाची मर्यादा फार खालची आहे, तेव्हा आधी उत्पन्नाचा दाखला पाहावा.

दुसरी : नकार लेखी घ्यावा. ‘तुमचं बसत नाही’ असे कुणी तोंडी सांगितले तर उठून येऊ नये. अर्जाची पोच घ्यावी, कारण लिहून मागावे. अपंगत्वाच्या दाखल्याचा निर्णय मान्य नसेल, तर त्याच कायद्याच्या कलम ५९ नुसार मुदतीत अपील करता येते.

तिसरी : वकिलाच्या फीला भिऊन गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया व अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा, किंवा १५१०० वर फोन करावा. प्रकरण हायकोर्टात गेलेच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच बसते; मुंबईची वारी चुकली.

ऊसनोंदीची पावती आपण जपतो, तसेच केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट आणि अर्जाच्या पोचा एका पिशवीत तारीखवार ठेवाव्यात. वकील पहिल्याच दिवशी तेच मागतो.